हबला चिकटून बसलेले मोटारीचे चाक कसे सोडवावे?

सागरतीर

आमची लहान मोटार 2016 सालची असून वर्षातले आठ-नऊ महिने ती गुहागरच्या घरी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, माडाखाली उभी असते. मागच्या रविवारी पुण्याला परतायच्या वेळी तिच्या मागच्या डाव्या चाकातली हवा पूर्ण उतरलेली दिसली. स्टेपनी लावावी म्हणून जॅकवर गाडी उचलली, चारही नट काढून खिशात टाकले आणि चाक ओढले, तर ते तसूभरही हलले नाही. दोन्ही हातांनी धरून हिसडे दिले, टायरवर बुक्क्या मारल्या, नटांच्या भोकांत डब्ल्यूडी-40 मारून चहा पिऊन आलो, तरी चाक जागचे हलेना. शेजारचे काका म्हणाले, "जमिनीवर बसा आणि टाचेने लाथा घाला, आपोआप येईल." पाच-सहा लाथा घातल्यावर चाक तसेच राहिले, पण गाडी मात्र जॅकवर डुलू लागली. तेव्हा घाबरून ती खाली उतरवली, नट पुन्हा बसवले आणि एसटीने पुण्याला आलो.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. लाथ मारण्याखेरीज याला काही शहाणपणाची पद्धत आहे का, आणि मुळात नट काढल्यावर चाकाला धरून ठेवते तरी काय, हे जाणकारांनी सांगावे. चाके अलॉयची आहेत आणि ती आम्ही नंतर बाहेरून बसवून घेतली आहेत.

निवृत्त फोरमन

सागरतीर, गाडी खाली उतरवलीत हे फार चांगले केलेत. पस्तीस वर्षे मी अवजड वाहनांच्या कार्यशाळेत काढली; चिकटलेल्या चाकामुळे झालेल्या इजांपेक्षा जॅकवरून घसरलेल्या गाडीमुळे झालेल्या इजा मी कितीतरी जास्त पाहिल्या आहेत.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. हब म्हणजे चाक ज्यावर बसते तो फिरणारा लोखंडी भाग. त्याच्या मध्यभागी एक गोल ओठ बाहेर आलेला असतो आणि चाकाचे मधले भोक त्यावर अगदी मापात बसते. मारुती सुझुकीच्या बऱ्याच लहान गाड्यांत या ओठाचे माप 54.1 मिलिमीटर असते, फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या लहान गाड्यांत 57.1. चाक मधोमध बसावे म्हणून ओठ आणि भोक यांच्यात फट जवळजवळ ठेवलेलीच नसते. त्या नसलेल्या फटीत गंज शिरला की तो तिथे पाचरीसारखा ठाण मांडून बसतो, कारण गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापते. नट निघाले तरी ही पाचर निघत नाही.

आता उपाय. चाक हाताने ओढून निघत नसेल तर गाडीच्या वजनाकडून ते काम करून घ्यावे. चारही नट हाताने पूर्ण बसवा आणि मग प्रत्येक नट एक ते दीड वेढा सैल करा. गाडी जॅकवरून पूर्ण खाली घ्या. आता एकाने गाडीच्या बाजूला उभे राहून छपराच्या कडेला धरून ती बोटीसारखी आडवी डोलवावी. टायर जमिनीला टेकतो तिथून हबच्या मध्यापर्यंत जवळजवळ एक फूट अंतर असते आणि हबच्या ओठाची त्रिज्या असते एक इंचाहून जराशीच अधिक, म्हणजे टायरच्या तळाशी पडलेला आडवा जोर चिकटलेल्या जागी पोचेपर्यंत सुमारे दहापट होतो. बहुतेक वेळा 'टक' असा आवाज येतो आणि काम होते. तेवढ्याने भागले नाही तर गाडी सुरू करून अंगणातच एक-दोन मीटर पुढे-मागे घ्यावी आणि प्रत्येक खेपेला ब्रेक हलकासा दाबावा. चाक सुटले तरी नट असल्यामुळे ते कुठे जात नाही. आवाज आला की लगेच थांबावे.

तुमच्या टायरमध्ये हवा नाही. तेव्हा आधी पायपंपाने जमेल तेवढी हवा भरा, नाहीतर रिमखाली टायर चिरडला जाईल.

आळशी अजगर

आमच्या गाडीचे एकही चाक आजवर चिकटलेले नाही, कारण आमच्या गल्लीतल्या खिळ्यांच्या कृपेने प्रत्येक चाक दर दोन महिन्यांनी निघतेच.

शंकेखोर

फोरमनकाकांच्या अनुभवाबद्दल आदर राखूनही सैल नटांवर गाडी चालवण्याचा सल्ला मला पटत नाही. नट सैल असताना चाक मधूनच सुटले तर सगळा भार स्टडच्या, म्हणजे नट ज्यांवर बसतात त्या दांड्यांच्या, आट्यांवर येणार. आटे बसले किंवा अलॉयच्या भोकांची तिरकी बैठक खराब झाली, तर एका पंक्चरपायी नवे चाक घ्यावे लागेल. शिवाय हा सल्ला वाचून कोणी उत्साही मनुष्य सैल नटांवर नाक्यावरच्या पंक्चरवाल्यापर्यंत गाडी नेणार नाही, याची खात्री कोण देणार?

निवृत्त फोरमन

शंकेखोर, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच 'अंगणातच' हा शब्द मी लिहिला होता. माणूस चालतो त्याहून कमी वेग, एक-दोन मीटर अंतर आणि एक ते दीड वेढ्यांहून जास्त ढिलाई नको. एवढे पाळले तर आट्यांना इजा होण्याचा संभव फार कमी असतो. पाच-सहा वेढे सैल करून कोणी ब्रेक करकचून मारला, तर तुम्ही म्हणता तसेच होईल. डोलवण्याचा प्रयोग मी आधी सांगितला तोही यासाठीच. गाडी चालवणे हा त्यापुढचा उपाय आहे. पुढच्या चाकांना तर गाडी चालवावीही लागत नाही, उभ्या गाडीत स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन-तीनदा फिरवले की पुष्कळदा भागते.

अनघा_पुणे

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीचे पुढचे चाक असेच बसले होते. स्टिअरिंग फिरवून उपयोग झाला नाही. मग मी गाडी उचलून स्टँडवर ठेवली, नट दोन वेढ्यांवर ठेवले आणि चाकाच्या मागच्या बाजूने टायरवर लाकडी ओंडक्याने ठोके दिले. एक ठोका वरच्या बाजूला, मग चाक अर्धे फिरवून पुन्हा वरच्याच बाजूला, असे आळीपाळीने केले, कारण एकाच जागी मारत राहिल्यास चाक तिरके होऊन आणखी घट्ट रुतते. आठव्या-नवव्या ठोक्याला ते सुटले. हातोडा थेट अलॉयवर मारू नये, हे मुद्दाम सांगते. पोलादी रिम वाकते, पण अलॉयला तडा जातो आणि तो तडा त्या वेळी दिसेलच असे नाही.

मडगावकर

स्टँडवरून एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे गोव्यात काय किंवा कोकणात काय, गाडीखाली आधार द्यायचा म्हटले की अंगणात पडलेला जांभ्याचा चिरा हाती येतो. माझ्या मावसभावाने तसाच चिरा गाडीच्या पट्टीखाली ठेवला आणि चाकाला लाथा घालू लागला. तिसऱ्या-चौथ्या लाथेला चाक निघाले, पण जॅकही कलंडला, सगळा भार चिऱ्याच्या एका कोपऱ्यावर आला आणि ओल्या बिस्किटासारखा त्याचा भुगा झाला. भाऊ बाहेरच्या बाजूला बसला होता म्हणून बचावला. ब्रेकची डिस्क मात्र थेट जमिनीत रुतली.

भिंतीत चिऱ्यावर भार सारखा पसरतो म्हणून घरे उभी राहतात. गाडीचा भार एका बोटाएवढ्या जागेवर येतो. सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचेही तेच. लोखंडी स्टँड नसेल तर लाकडाचे जाड ठोकळे आडवे-उभे रचावेत आणि स्टेपनी गाडीच्या पोटाखाली आडवी सरकवून ठेवावी. गाडी घसरलीच तर ती रिमवर टेकते, माणसाच्या पायावर नाही.

शंकेखोर

मडगावकर, हा प्रतिसाद सर्वांत वर टाचून ठेवायला हवा. तूर्त लाथेच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजतो.

मॉन्ट्रियलची माई

आमच्या क्यूबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात हिवाळी टायर लावणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे घरोघरी वर्षातून दोनदा चारही चाके निघतात. त्यात हिवाळाभर रस्त्यांवर मिठाचा मारा चाललेला असतो. गुहागरला मीठ हवेतून येते, इथे ते नगरपालिका स्वखर्चाने पुरवते, एवढाच काय तो फरक.

पहिल्या वर्षी आमची चारपैकी दोन चाके निघाली नव्हती. तेव्हापासून एक नियम पाळते. शरद ऋतूत चाके काढली की हबचा ओठ आणि चाकाचे भोक तारेच्या ब्रशने घासायचे, मग पॉलिश पेपर फिरवायचा, कापडाने कोरडे पुसायचे आणि फक्त त्या ओठावर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लावायच्या वंगणाचा) बोटाने पुसल्यासारखा पातळ थर द्यायचा. गेल्या नऊ हिवाळ्यांत एकही चाक चिकटलेले नाही. चाकामागे पंधरा मिनिटांचे हे काम आहे. पहिल्या वर्षी मी दोन चाकांपायी अख्खा शनिवार घालवला होता.

धातुशास्त्री

सागरतीर यांची चाके अलॉयची आहेत हे महत्त्वाचे आहे. हब लोखंडाचा, चाक अॅल्युमिनियमचे आणि दोहोंच्या मध्ये खारट ओलावा. म्हणजे तुमच्या माडाखाली एक छोटीशी बॅटरीच उभी आहे. अशा जोडीत अॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी, रांगोळीसारखी भुकटी तयार होते. लोखंडाचा स्वतःचा तपकिरी गंज वेगळा. या दोन्ही भुकट्या दाबाखाली जमत जातात. पोलादी रिम असलेली गाडीही चिकटते, पण तिथे नुसता गंज असतो आणि तो ठोक्याने तुलनेने लवकर तुटतो.

इथे एका लोकप्रिय सवयीला हरकत घेतो. पुष्कळ गॅरेजांत हबवर तांब्याचे ग्रीस लावतात. पोलादी रिमला ते चालते. अॅल्युमिनियमच्या बाबतीत मात्र तांबे हा लोखंडापेक्षाही वाईट शेजारी आहे, कारण विद्युत-रासायनिक क्रमात तो अॅल्युमिनियमपासून आणखी दूर बसतो. अलॉयसाठी अॅल्युमिनियमयुक्त किंवा सिरॅमिक अँटी-सीझ वापरणे बरे.

घाटमाथा

तत्त्वतः मान्य, पण मी सात-आठ वर्षे अलॉयला तांब्याचेच ग्रीस लावतो आहे आणि चाके हाताने निघतात. ग्रीसमधले तेलच पाण्याला आत येऊ देत नाही. पाणी नाही तर बॅटरी कुठली? माझ्या मते कोणते ग्रीस यापेक्षा लावले की नाही याला जास्त महत्त्व आहे.

धातुशास्त्री

घाटमाथा, तेल टिकते तोवर तुमचे म्हणणे बरोबर आहे. साताऱ्याच्या कोरड्या हवेत ते जास्त टिकेल, गुहागरला दोन पावसाळ्यांत धुऊन जाईल आणि मागे तांब्याची पूड तेवढी उरेल.

अनघा_पुणे

ग्रीसचा विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या जवळच्या टायरच्या दुकानातल्या मुलाने मागच्या वेळी स्टडच्या आट्यांनाही ग्रीस फासले आणि वर हवेच्या बंदुकीने नट आवळले. पुढच्या वेळी ते सोडवताना पान्यावर उभे राहावे लागले. हे योग्य आहे का?

निवृत्त फोरमन

अजिबात योग्य नाही. नट आवळण्यासाठी लावलेला बराचसा जोर आट्यांच्या आणि बैठकीच्या घर्षणात खर्च होतो आणि नट किती जोराने आवळायचा तो आकडा (टॉर्क) ठरवताना ते घर्षण हिशेबात धरलेले असते. तिथे ग्रीस लावले की तेवढ्याच आवळण्याने स्टड गरजेपेक्षा पुष्कळ जास्त ताणला जातो. बहुतेक लहान गाड्यांचा आकडा 80 ते 120 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. ग्रीस हबच्या ओठावर लावावे. आट्यांवर, नटाच्या बैठकीवर आणि हबच्या सपाट तोंडावर लावू नये. ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रमच्या आत उडाले तर पुढच्या उतारावर आठवण येईल.

हवेच्या बंदुकीने नट नुसते टेकवून घ्यावेत आणि शेवटचे आवळणे टॉर्कच्या पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, समोरासमोरच्या क्रमाने करावे. पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालवल्यावर एकदा पुन्हा तपासावे.

आळशी अजगर

माझ्याकडे टॉर्कचा पाना नाही, पण पान्याच्या दांड्यावर उभे राहिल्यावर 'चुकले' असे वाटण्याइतके माझे वजन आहे. तेव्हा यापुढे हातानेच आवळीन.

नवा_चालक

चाक आणि रिम गॅसच्या टॉर्चने तापवली तर लोखंड प्रसरण पावून चाक सुटते, असे एका चलचित्रात पाहिले. कोणी करून पाहिले आहे का?

धातुशास्त्री

कृपा करून करू नका. टायर रिमवर असताना रिम तापवली की आतल्या रबराचे विघटन होऊन ज्वलनशील वायू साठतात आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. आतली हवा काढून टाकल्याने हा धोका संपत नाही. शिवाय अलॉयला दिलेली मजबुती उष्णतेने जाते आणि हबमागच्या बेअरिंगमधले ग्रीस वितळून बाहेर येते, ते वेगळेच.

घाटमाथा

नवा_चालक, घाईच असेल तर गंज सुटवणारे तेल लावून रात्रभर थांबा, हीच खरी घाई. डब्ल्यूडी-40 हे मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेले मिश्रण आहे. त्याने थोडेफार भागते, पण गंजात मुरण्यासाठी वेगळी तेले मिळतात. तेल नटांच्या भोकांत मारून फार उपयोग नाही. मधली टोपी काढून हबचा ओठ आणि चाक यांच्यामधल्या वर्तुळाकार रेषेवर थेंब-थेंब सोडावे, आणि रात्री एकदा, सकाळी एकदा असे दोनदा करावे.

निवृत्त फोरमन

सागरतीर यांचे चाक मागचे आहे, म्हणून एक गोष्ट राहून जाऊ नये. मागे ड्रम ब्रेक असेल तर पुष्कळदा चाक ड्रमला चिकटते आणि ड्रम हबला. अशा वेळी हँडब्रेक ओढलेला असला तर आतले शू ड्रमला धरून बसतात आणि तुम्ही विनाकारण चाकाशी झटत राहता. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक सरकू नये म्हणून अडसराचे ठोकळे) लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि मगच हँडब्रेक सोडा. चाक ड्रमसकट बाहेर आले तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांच्या ड्रमला आट्यांची दोन भोके असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ड्रम आपला आपण बाहेर ढकलला जातो. चाकांना अशी भोके का देत नाहीत, हा प्रश्न मी नोकरीभर विचारत राहिलो.

सागरतीर

शनिवारचा वृत्तांत देतो. शुक्रवारी रात्री पोचल्याबरोबर मधली टोपी काढली. आतले वर्तुळ पाहून धातुशास्त्री यांची आठवण झाली. मिसरीसारखा तपकिरी गंज होता आणि त्याच्या बाहेरच्या कडेने पांढरी भुकटी जमली होती. रात्री तेल सोडले, सकाळी पुन्हा सोडले. पायपंपाने हवा भरली, ती निदान अर्धा तास टिकत होती. नट दीड वेढा सैल केले, पुढच्या चाकांना फणसाच्या लाकडाचे ओट लावले, गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक सोडला आणि मी व शेजारचे काका दोन्ही बाजूंनी गाडी डोलवू लागलो. काहीच झाले नाही. मग ओट काढून गाडी अंगणात पुढे घेतली, ब्रेक दाबला, मागे घेतली, ब्रेक दाबला. तिसऱ्या खेपेला कोणीतरी सुपारी फोडावी तसा आवाज आला. काका लगेच म्हणाले की त्यांच्या लाथांनीच ते आधी ढिले झाले होते.

खरी गंमत पुढे आहे. गाडी उचलून नट काढल्यावर चाक सहज हातात आले, पण त्याच्या भोकातली एक चकचकीत कडी हबवरच राहिली. ती कसली असावी? चाकाचे भोक हबच्या ओठापेक्षा पुष्कळच मोठे दिसते.

घाटमाथा

सागरतीर, चोर सापडला. बाहेरून मिळणाऱ्या अनेक अलॉय चाकांचे मधले भोक 73.1 मिलिमीटरचे असते, म्हणजे एकच चाक वेगवेगळ्या गाड्यांना बसवता येते. मधली फट भरायला दुकानदार कडी घालून देतात. तुमची कडी अॅल्युमिनियमची असणार, म्हणजे हबशी आणि चाकाशी अशा दोन्ही बाजूंनी ती चिकटायला तयार. ती पक्कडीने ओढू नका, ओठ ओरबाडला जाईल. तेल सोडून लाकडाच्या तुकड्याने भोवताली हलके ठोके द्या. पुढच्या वेळी त्याच मापाच्या प्लास्टिकच्या कड्या घ्या. प्लास्टिक गंजत नाही आणि कडीचे काम चाक मधोमध धरण्यापुरतेच आहे, भार नट पेलतात.

शंकेखोर

प्लास्टिकच्या कड्या घाटातल्या लांब उतारावर ब्रेकच्या उष्णतेने वितळल्याचे मी ऐकले आहे.

घाटमाथा

ऐकले मीही आहे. पाच वर्षे कुंभार्ली घाटाने जा-ये करतो, माझ्या कड्यांची झळाळी गेली आहे, आकार गेलेला नाही. तरी दोन वर्षांनी बदलाव्यात.

मॉन्ट्रियलची माई

सागरतीर, कडी निघाली की हब घासायला विसरू नका. आणि उरलेल्या तीन चाकांचे काय?

सागरतीर

कडी अर्ध्या तासाने निघाली. हब घासून, सिरॅमिक अँटी-सीझ लावून स्टेपनी चढवली आणि नट टॉर्कच्या पान्याने आवळले. पुढची दोन्ही चाके स्टिअरिंग फिरवल्यावर सुटली. त्यांच्याही कड्या काढून हब घासले. मागचे उजवे चाक अजून तसेच आहे. अंधार पडला म्हणून त्याला नुसते तेल पाजून ठेवले आहे आणि रविवारी सकाळी पुन्हा लागणार आहे. काका सहा वाजताच येतो म्हणाले आहेत.

निवृत्त फोरमन

उत्तम. काकांना डोलवायला उभे करा, बसू देऊ नका. आणि या वेळी नट खिशात टाकू नका.